दुसऱ्याचा टाहो आपल्या मुखी

यरुशलेमेचीही एक वारी होती. वर्षातून तीन सणांना यहुदी लोक डोंगर चढून तेथल्या मंदिराला जात. बायबलातील स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत. त्यांतल्या १२० ते १३४ या पंधरा स्तोत्रांना ‘वर चढून जाण्याची गाणी’ अशा अर्थाचा मथळा आहे. ही त्या यात्रेकरूंची गाणी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दमलेले पाय, समोर डोंगर आणि नगरीच्या वेशीत पोहोचल्याचा आनंद ही भाषा पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्याला कळतेच.

ही स्तोत्रे हिब्रू भाषेतली, यहुद्यांची. येशू ख्रिस्तही यहुदी कुळातले. वधस्तंभावर त्यांनी देवापाशी जो टाहो फोडला, तो २२व्या स्तोत्राचा आरंभ आहे. म्हणून ख्रिस्ती मंडळींनी ही सारी संहिता आपली मानली. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठांसाठी जो नियम घालून दिला, त्यात दर आठवड्याला सर्व १५० स्तोत्रे म्हणावीत असे सांगितले आहे. आपण त्याला नित्यनेम म्हणू.

पण दुसऱ्याच्या अंतःकरणातून निघालेले गाणे आपल्या उपासनेत घेतले, तर त्याचा अर्थ लावण्याचा आपला अधिकार कुठवर?

१३७वे स्तोत्र पाहा. ख्रिस्तपूर्व ५८६च्या सुमारास बाबेलच्या राजाने यरुशलेम घेतली, मंदिर जाळले आणि माणसे धरून नेली. ते कैदी परक्या नदीकाठी बसून रडतात. वाद्ये झाडांना टांगून ठेवली आहेत आणि धरून नेणारेच थट्टेने म्हणतात, गा की तुमच्या देवाचे एखादे गाणे! इथवर कोणाचेही डोळे भरून येतील. शेवटी मात्र शत्रूची तान्ही लेकरे खडकावर आपटणाऱ्याला हेच स्तोत्र धन्य म्हणते. चर्चमध्ये उभे राहून प्रवचनकाराने हे वाचावे कसे?

संत ऑगस्टीन यांनी तोड काढली. ती लेकरे म्हणजे मनात नुकत्याच जन्मलेल्या दुष्ट वासना. त्या मोठ्या होण्याआधीच ख्रिस्तरूपी खडकावर आपटाव्यात. निरूपण म्हणून हे सुंदर आहे, आणि आपल्या फडावरही असे रूपक ऐकून माना डोलतील. पण एकनाथमहाराजांच्या भारुडातला विंचू हा मुळातच कामक्रोधाचा आहे. ते रूपक नाथांनी स्वतः घातले. नदीकाठच्या कैद्याने रूपक घातले नव्हते. त्याची लेकरे त्याच्या डोळ्यांदेखत मारली गेली असावीत, म्हणून तो तसे बोलला.

दुसरी वाट गाळण्याची. रोमन कॅथलिक चर्चने १९७०च्या सुमारास आपली नित्यप्रार्थना नव्याने बांधली. तीत ५८, ८३ आणि १०९ ही स्तोत्रे संपूर्ण वगळली, आणि १३७व्याचा हा शेवटही. त्यांचीही अडचण खरी आहे. ज्यांच्या प्रभूने शत्रूवर प्रेम करायला सांगितले, त्यांनी असे शब्द कसे उच्चारावेत?

तरीही मला ही वाट पटत नाही. शाप देणाऱ्याच्या हाती तलवार नाही, हे ध्यानात घ्यावे. तो सारे विष देवापुढे ओततो. सूड देवाच्या स्वाधीन करतो. आपल्या जनाबाईंनी विठ्ठलाला शिव्या दिल्या, तुकोबांनी दांभिकांवर कोरडे ओढले. गोड तेवढेच ठेवायचे म्हटले, तर गाथा किती उरेल? अन्याय सोसलेल्या माणसाच्या तोंडून राग काढून घेतला, तर त्याच्यापाशी गप्प बसण्याखेरीज काय राहते?

गाणे घेताना गाणाऱ्याला विसरले की काय घडते, हेही इतिहासात आहे. १०९६ साली क्रूसयुद्धाला निघालेल्या टोळ्यांनी ऱ्हाइन नदीकाठच्या वर्म्स, माइन्त्स या नगरांत यहुद्यांच्या कत्तली केल्या. त्याच नगरांच्या मठांत दावीदाची स्तोत्रे रोज म्हटली जात होती.

घेणे वाईट, असे म्हणायचे नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती भक्तीसाठी अभंग रचले, कीर्तने केली. पण तुकोबांचे ऋण त्यांनी कधी लपवले नाही. ज्याचे घेतले त्याचे नाव घेऊन घेतले.

जर्मनीतील धर्मोपदेशक डीट्रिख बॉनहोफर यांच्या बायबलाची गोष्ट या संदर्भात मला फार मोठी वाटते. ९ नोव्हेंबर १९३८च्या रात्री तेथे नाझींनी यहुद्यांची प्रार्थनामंदिरे पेटवली. ७४व्या स्तोत्रात देवाची सभास्थाने जाळली गेल्याचा आक्रोश आहे. बॉनहोफरनी त्याचे रूपक केले नाही, आणि तो आपल्या चर्चच्या दुःखावरही ओढून घेतला नाही. त्या ओळीपाशी समासात त्यांनी फक्त तारीख लिहिली: ९.११.३८.