‘योद्धा’ की कामगार?



२२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी आपण टाळ्या-थाळ्या वाजवल्या. तीन दिवसांनी देश बंद झाला. काही जण मात्र कामावर जात राहिले. मीही त्यांतलाच, एका रुग्णालयाच्या धुलाई विभागात, कंत्राटावर. १५ जूनला अत्यावश्यक सेवेसाठी लोकल सुरू होईपर्यंत बसनेच जावे लागे. चादरी आधी हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवायच्या, मग गरम पाण्यात धुवायच्या. डोळे चुरचुरत.

लोक आम्हाला ‘कोरोना योद्धे’ म्हणत. पण पगार कापला जाईल म्हणून जो गेला, तो शूर कसा? माझ्या मते भीतीपोटी धुतलेली चादरही आजाऱ्याला तितकीच स्वच्छ मिळते. त्याला धुणाऱ्याच्या मनाशी काय देणेघेणे?

मला बोचते ते वेगळेच. योद्ध्याची मरायची तयारी असतेच, असे आपण धरून चालतो. कामगाराला मात्र हातमोजे लागतात. सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांना, कंत्राटींनाही, ५० लाखांचे विमाकवच दिले, हे चांगलेच झाले. पण ते मृत्यूनंतरचे. २७ मार्चला पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनच्या रिकाम्या चौकात परिचारिका, दुकानांतले कामगार, सफाई करणारे यांची आठवण काढली ती सामान्य, विसरली गेलेली माणसे म्हणून. मला तो शब्द जवळचा वाटतो. सामान्य माणसाला रजा मागता येते, पगारवाढ मागता येते. योद्ध्याने मागितली तर लोक भुवया उंचावतात.

मी ते काम सोडले. तेथले माझे सोबती अजून कंत्राटावरच आहेत.