योग्य त्या कार्यवाहीसाठी



ग्रंथालयासाठी एक शब्दकोश घ्यावा, एवढ्याच मागणीचा माझा अर्ज, विभागातून कार्यालयात आणि तेथून लेखाशाखेत फिरून, गंजलेल्या टाचणीसह काल माझ्याच टेबलावर परतला. समासात जांभळ्या शाईचा शेरा होता : योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर. कार्यवाही कोणती, हे कोणीच लिहिले नव्हते.

तो राग घेऊनच मी वर्गात गेलो. एका विद्यार्थ्याने शंका विचारली. उत्तर मला नीटसे ठाऊक नव्हते. म्हणालो, 'बेसिकली, हा ॲप्रोचचा प्रश्न आहे.' त्याने मान डोलावली, वहीत 'ॲप्रोच' लिहिले आणि तो खाली बसला. त्याची शंका मीही योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे ढकललीच होती, नाही का?

परक्या शब्दांचा हा प्रश्न जुनाच. शिवाजीमहाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. तरी अर्ज, तारीख आणि दाखला आपल्या घरात राहिलेच, आणि राहोत बापडे. परक्या शब्दाचे मला वावडे नाही. आपले अज्ञान झाकायला त्याला पुढे करावे, हे मात्र शिक्षकाला शोभत नाही.

आज तो मुलगा भेटेल. सांगेन, मला ठाऊक नव्हते रे. चल, मिळून पाहू. ग्रंथालयाचा कोश अजून यायचा आहे. तोवर घरचा पिशवीत घातला आहे.