हवि आणि समिधा

अन्न अग्नीला देणे धर्म्य की अधर्म्य, हा प्रश्न विचारण्याचा प्रसंग आपल्या पूर्वजांवर फारसा आला नाही. कारण अग्नीत पडणारे अन्न देवतेच्या उद्देशाने पडे, आणि ते किती पडावे, कोणी द्यावे व उरलेल्याचे काय करावे, याचे नियम श्रौतसूत्रांनी बारकाईने ठरवून ठेवले होते. परंतु मका, तांदूळ आणि उसाचा रस आंबवून त्यांचे इथेनॉल मोटारीच्या टाकीत ओतण्याची तजवीज राज्यसंस्थेने केल्यापासून, आणि विशेषतः २०२० साली भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामांतील ‘अतिरिक्त’ तांदळालाही या कामी मंजुरी मिळाल्यापासून, हा मामला केवळ अर्थशास्त्राच्या अखत्यारीत राहिलेला नाही.

या इंधनाचे गुण नाकारण्याचे कारण नाही. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू अंगभूतच असल्यामुळे त्याचे ज्वलन अधिक स्वच्छ होते, त्याचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा वरचढ आहे, आणि जो कर्ब धुराड्यातून बाहेर पडतो तो त्या वनस्पतीने अलीकडेच हवेतून घेतलेला असतो. दोषही आहेत : एका लिटरमागे त्याची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच भरते, आणि ते पाणी ओढून घेते. पण या जमाखर्चाच्या पलीकडे, यज्ञात तूप-तांदूळ जाळणाऱ्या परंपरेने यंत्रात तांदूळ जाळण्याला हरकत का घ्यावी, असा एक युक्तिवाद केला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

त्याचे उत्तर यज्ञाच्या रचनेतच आहे. यज्ञकुंडात जे पडते ते सर्व एका जातीचे नसते. अग्नी पेटता ठेवतात त्या समिधा. पळस, खैर, शमी, पिंपळ, औदुंबर, आघाडा, रुई यांच्या त्या काष्ठांत एकही पिकाऊ धान्य नाही. अन्न येते ते हवि म्हणून. आणि दर्शपूर्णमासातला पुरोडाश पाहिला, तर त्यातून अग्नीला मिळतात ती अंगठ्याच्या पेराएवढी अवदाने, बाकीचा भाग यजमान आणि ऋत्विज इडा म्हणून भक्षण करतात. अन्नाने अग्नी चेतवावा, अन्न हेच इंधन व्हावे, ही कल्पना त्या विधीला सर्वस्वी परकी आहे. छांदोग्योपनिषदातील पंचाग्निविद्या तर याहून पुढे जाते : पर्जन्यापासून पृथ्वीरूपी अग्नीत अन्न उत्पन्न होते आणि त्या अन्नाची आहुती पुरुषरूपी अग्नीत पडते. अन्नाचा अधिकृत अग्नी मनुष्याच्या देहात आहे, आणि त्याचा हक्क डावलून यंत्राग्नीला पंगतीत आधी बसविणे हा क्रमभंग होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर हा विवेक कोणी न सांगता पाळला जातो. चरकातून रस काहिलीकडे जातो आणि चिपाड एका बाजूला पडते. त्या ओल्या चिपाडात वजनाने जवळजवळ निम्मे पाणी असल्यामुळे ते लगेच चुलाणात घातले तर धूरच अधिक व्हावा, म्हणून ते मोकळ्या जागेत पसरून उन्हात खडखडीत वाळवितात. ओल्या चिपाडाचा एक किलो सुमारे दोन हजार किलोकॅलरी देतो, पूर्ण वाळलेल्याचा चार हजारांहून अधिक. हे आकडे ठाऊक नसलेला माणूसही हाताला लागणाऱ्या ओलीवरून भारा परत उन्हात टाकतो. मग जाळ लागतो, भेंडीच्या चिकाने वर आलेला मळ गुळव्या झाऱ्याने काढीत राहतो, आणि त्याच उसाचा रस त्याच उसाच्या चिपाडावर गूळ होतो. राख शेतात जाते.

मात्र अवशेष म्हणजे बेवारस माल, ही समजूतही तितकीच घातक आहे, कारण त्यालाही हक्कदार असतात. कडबा जनावरांचा आहे. उसाचे पाचट जमिनीचे आहे. ते सरीत कुजू दिले तर ओल धरून ठेवते आणि मातीला सेंद्रिय कर्ब परत करते, म्हणून ते फडातच पेटवून देणाऱ्यांना मी भूतयज्ञ चुकविणारे समजतो. याउलट कपाशीच्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी दडून राहते, सबब ती शेतातून हलविणेच श्रेयस्कर; भाताच्या तुसाला गुरे सहसा तोंड लावीत नाहीत, आणि करंजाचे कडू तेल कोणाच्या पानात पडत नाही. हे तेल डिझेलहून कितीतरी दाट असल्यामुळे मेथॅनॉलशी त्याची प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळे काढावे लागते, तेव्हाच ते इंजिनाला मानवते. पेंढ्याचे तर याहून कठीण : त्यातील सेल्युलोजभोवती लिग्निनचे कवच असते, ते आधी सैल करावे लागते, मग विकरांनी त्याची साखर करावी लागते, आणि नंतरच किण्वाला काम मिळते. पानिपत येथे २०२२ साली राष्ट्रार्पण झालेला पेंढ्याच्या इथेनॉलचा कारखाना याच वाटेने जातो. धान्यातील पिष्टाची साखर करणे त्या मानाने फार सोपे, आणि सोपेपणाचा मोह मोठा असतो. पण ज्या पंजाब-हरियाणात भाताचा पेंढा शेतातच पेटवला जातो, तेथे त्याचे इंधन करण्याचे कष्ट हे पुण्यकर्मच आहे.

आपल्याकडे सहकारी साखर कारखान्यांचे सभासद लक्षावधी आहेत आणि प्रत्येकाला वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. आपल्या आसवनीत यंदा मळी किती गेली, उसाचा रस किती गेला आणि धान्य किती गेले, याचा लेखी हिशेब या वर्षीच्या सभेत त्यांनी अवश्य मागावा.