एक नंबरचा गुन्हेगार

काही कामं अशी असतात, की ती नीट केली तर कुणाच्या लक्षातच येत नाहीत. "वा, आज मीठ काय सुरेख पडलंय!" असं म्हणत पानावरून उठलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. पण तेच मीठ जरा कमी पडू द्या, की घुम्यातल्या घुम्यालाही वाचा फुटते. रात्रभर दंडुका आपटत फिरणाऱ्या गुरख्याला चोरी न झाल्याबद्दल कुणी हार घालत नाही. फुटबॉलचा गोलरक्षक बसतो तो याच पंगतीला.

त्याचं काम सांगायला फार सोपं. चोवीस फूट रुंद, आठ फूट उंच असा एक दरवाजा. त्याला ना कडी ना कोयंडा. आणि त्यातून चेंडू आत येऊ द्यायचा नाही. आता हिशेब बघा. पुढच्या फळीतल्या गड्यानं पाच संधी घालवल्या आणि सहाव्या वेळी गोल केला, तर लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचतात. गोलरक्षकानं पाच अवघड चेंडू अडवले आणि सहावा सुटला, तर लोक त्याचा पत्ता विचारत फिरतात. सहा दोघांचेही. पण एकाचे पाच माफ आणि दुसऱ्याचे पाच जमेलाच नाहीत! हा कुठला न्याय, असा प्रश्न मला पडतो, आणि पडला की मोआसिर बार्बोसा आठवतो.

बार्बोसा हा ब्राझीलचा गोलरक्षक. जन्म १९२१ चा. १९४८ मध्ये वास्को द गामा या त्याच्या क्लबनं दक्षिण अमेरिकेतल्या विजेत्या क्लबांची स्पर्धा जिंकली. १९४९ मध्ये ब्राझील दक्षिण अमेरिकेचा विजेता झाला. दोन्ही वेळा दरवाजात उभा होता तो हाच. मग आली १६ जुलै १९५० ची दुपार. रिओचं नवंकोरं माराकाना स्टेडियम, पावणेदोन लाखांच्या आसपास तिकिटं खपलेली, विश्वचषकाचा निर्णायक सामना आणि समोर चिमुकला उरुग्वे. ब्राझीलला नुसती बरोबरी पुरणार होती. बाळ जन्मण्याआधीच बारशाच्या घुगऱ्या वाटाव्यात, तसं वर्तमानपत्रांनी ब्राझीलला जगज्जेता ठरवूनही टाकलं होतं.

ब्राझीलनं पहिला गोल केला. मग उरुग्वेचा गिज्जा उजव्या बाजूनं मुसंडी मारून आला, त्यानं चेंडू मध्ये दिला आणि स्कियाफिनोनं गोल केला. बरोबरी. अकरा मिनिटं उरली असताना गिज्जा पुन्हा त्याच वाटेनं आला. हा परत चेंडू मध्येच देणार, असं धरून बार्बोसा खांबापासून किंचित पुढे सरकला. गिज्जानं खांब आणि बार्बोसा यांच्यामधल्या त्या फटीतूनच चेंडू आत घातला. उरुग्वे दोन, ब्राझील एक.

आता तुम्हीच सांगा, बार्बोसाचं चुकलं काय? गिज्जानं चेंडू मध्ये दिला असता, तर बार्बोसाच्या त्याच पावलाला लोकांनी दूरदृष्टी म्हटलं असतं. पाऊल एकच, ते शहाणपणाचं की मूर्खपणाचं, हे ठरलं दुसऱ्याच माणसाच्या पायानं. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये या कोड्याला 'नैतिक नशीब' असं नाव दिलं. आपण माणसाला बरावाईट ठरवतो तो त्याच्या कृतीवरून, असं आपल्याला वाटतं. पण पुष्कळदा निकाल लागतो तो योगायोगाच्या हातचा.

यावर कुणी म्हणेल, की असं प्रत्येक गोष्टीला नशीब म्हणत बसलं तर जबाबदारी नावाची चीजच उरायची नाही. खरं आहे. पगार गोल अडवण्याचा, तेव्हा अडला नाही तर जाब विचारायचाच. पण जाब विचारणं वेगळं आणि जन्मभर विचारत राहणं वेगळं. शिवाय तो विचारायचा तर सगळ्यांना विचारावा. त्या दिवशी ब्राझीलच्या पुढच्या फळीला दुसरा गोल करता आला नाही, हे सगळे विसरले. खापर फुटलं ते बार्बोसा, बिगोडे आणि जुवेनाल या तिघांच्या डोक्यावर, आणि तिघेही काळे होते. राग फार न्यायनिष्ठुर असतो असा आपला समज. प्रत्यक्षात तो सोयीचं डोकं आधी शोधतो.

ठपक्याची ही भीती मोठी चमत्कारिक. २००७ मध्ये इस्रायली संशोधकांनी पेनल्टीच्या २८६ फटक्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शंभरातले जवळजवळ एकोणतीस फटके मधोमध आलेले, पण गोलरक्षक जागेवर उभा राहिलेला शंभरात जेमतेम सहा वेळा! कारण उडी मारून चुकला तो बिचारा. उभा राहून चुकला तो नालायक. "काही औषध नको, दोन दिवसांत बरं वाटेल," असं सांगणाऱ्या डॉक्टरकडे आपण तरी पुन्हा जातो का?

बार्बोसा पुढेही कित्येक वर्षं खेळला, पण लोकांच्या लेखी त्याची कारकीर्द त्या दुपारीच संपली होती. वीसएक वर्षांनी एका दुकानात एका बाईनं त्याच्याकडे बोट दाखवून आपल्या मुलाला सांगितलं, की हाच तो, ज्यानं साऱ्या ब्राझीलला रडवलं. पुढे माराकानाचे जुने लाकडी खांब त्याला मिळाले आणि त्यानं ते घरी चुलीत घातले, अशी एक गोष्ट सांगतात. खरी असो वा रचलेली. लाकडं जळाली असतील, गोल काही जळाला नाही. आपल्या देशात मोठ्यात मोठी शिक्षा तीस वर्षांची, मी मात्र पन्नास वर्षं भोगतोय, असं तो अखेरीस म्हणाला. २००० साली तो गेला.

८ जुलै २०१४ ला ब्राझील मायदेशातच जर्मनीकडून सात विरुद्ध एक असा हरला. एका गोलाला पन्नास वर्षं या दरानं सातांची साडेतीनशे भरतात. तेवढी कुणाला देणार? मग लोक म्हणू लागले, की १९५० चे ते बिचारे तसे वाईट नव्हते हो. बार्बोसाला आता माफ करायला हवं. जुना आरोपी सोडायलासुद्धा आपल्याला नवा आरोपी लागतो. माफी आली, पण घ्यायला बार्बोसा नव्हता. त्याला जाऊन चौदा वर्षं झाली होती.