पाचवी गोळी

ग्वाल्हेरात जन्म काढून बंदुकीविषयी सर्वस्वी अनभिज्ञ राहणे कठीण आहे. आपल्या लष्कर वस्तीचे नावच मुळी दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून पडले. जिन्सी नाल्यावरून रोज जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या ध्यानात येते की, जिन्सी हा शब्द तोफखान्याशी निगडित आहे. पुढे राज्य शासनाच्या सेवेत काही वर्षे आमच्या टेबलावर शस्त्रपरवान्यांच्या फायली येत. 'बोर' या रकान्यात बहुधा दोनच नोंदी असत : बारा बोर, नाहीतर तीनशे पंधरा. ही .३१५ची गोष्ट मोठी मौजेची आहे. फौजेचे .३०३ काडतूस खाजगी माणसाच्या हाती पडू नये, म्हणून इंग्रजी अमदानीत ऑस्ट्रियाच्या जुन्या मान्लिखर रायफलीचे माप येथे नागरी वापरासाठी रूढ झाले. पुढे त्याच मापाची रायफल ईशापूरला आणि काडतूस आपल्या पुण्याजवळच्या खडकीला बनू लागले. चंबळच्या लग्नांत जे खांद्यावर मिरवते, त्याचे माप असे कायद्याच्या पोटी जन्मलेले आहे. तेव्हा काडतुसाचे माप ही सरकारने ठरवायची गोष्ट, अशी आमची अनेक वर्षे पक्की समजूत होती.

ती मोडली आमच्या भाच्याने. तो टेक्सासला असतो आणि सुटीच्या दिवशी हजार यार्डांवरच्या कागदी लक्ष्यावर नेमबाजी करतो. गेल्या हिवाळ्यात लग्नासाठी आला असता त्याने आम्हांला 'वाइल्डकॅट' काडतुसांची ओळख करून दिली. वाइल्डकॅट म्हणजे रानमांजर. जे काडतूस कोणताही कारखाना तयार करीत नाही, छंदिष्टाने दुसऱ्या एखाद्या काडतुसाची पितळी पुंगळी घेऊन, तिची मान आवळून किंवा खांदा उभा करून स्वतः घडविले, ते रानमांजर. काही रानमांजरे कालांतराने पाळीवही होतात. .२२-२५० हे काडतूस अनेक वर्षे हौशी लोकांच्या घरी वाढले आणि १९६५ साली रेमिंग्टन कंपनीने ते आपले म्हणून बाजारात आणले. लुई पाल्मिसानो हे शल्यविशारद आणि फेरिस पिंडेल हे साचे घडविणारे कारागीर, या दोघांनी १९७५च्या सुमारास सिद्ध केलेल्या सहा मि.मी. पी.पी.सी. काडतुसाने जवळच्या अंतरावरील बेंचरेस्ट स्पर्धांचे चित्रच पालटले.

घडविण्याची रीतही ऐकण्यासारखी आहे. पी. ओ. ॲक्ली या गृहस्थाने रूढ केलेल्या पद्धतीत रायफलीचे काडतूस-घर थोडे रुंद आणि चाळीस अंशांच्या खांद्याचे कोरतात. त्यात मूळ काडतूस घालून झाडले की आतल्या दाबाने पितळ फुगते आणि नव्या घराचा आकार घेते. पुंगळीच्या बुडाशी ठसा मात्र मूळ काडतुसाच्याच नावाचा राहतो. हे ऐकून आम्हांला हसू आले. दक्षिणेतून निघालेल्या आणि दोनशे वर्षे या घरात फुगून येथलाच आकार घेतलेल्या आपल्या कुळांच्या बुडाशीही जुन्या गावाच्या आडनावाचा ठसा तसाच आहे. असो.

भाच्याने .२८४ विंचेस्टरच्या पुंगळीला असा खांदा देऊन आपले रानमांजर तयार केले होते, आणि मूळ काडतुसापेक्षा ते सरस आहे असे त्याचे म्हणणे होते. पुरावा म्हणून त्याने शंभर यार्डांवर झाडलेल्या पाच गोळ्यांचा कागद पुढे ठेवला. चार छिद्रे एकमेकांत मिसळलेली, पाचवे बोटभर दूर. आम्ही त्या पाचव्यावर बोट ठेवले. तो पटकन म्हणाला, "मामा, ती माझी चूक. काडतुसाची नाही. ट्रिगर ओढताना मीच हललो." मापताना त्याने चारच छिद्रे धरली होती.

आमचा सगळा विचार त्या वाक्यापाशी अडला. आपल्याकडे म्हण आहे, नाचता येईना अंगण वाकडे. माणसाने दोष साधनावर ढकलावा, हीच सर्वसाधारण रीत. येथे मात्र नाचणारा आपण होऊन सांगत होता की पाय माझा वाकडा, अंगण निर्दोष आहे. वरवर पाहता ही केवढी विनम्रता! परंतु अंगण त्याने स्वतः सारविलेले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या विनम्रतेचा रंग बदलतो. एका क्षणाच्या हातावर दोष घेऊन त्याने अनेक महिन्यांच्या बुद्धीला वाचविले होते. शिवाय मूळ काडतुसाची फटकलेली गोळी त्याने मोजली होती काय, हे विचारल्यावर तो जरा गप्प राहिला.

अशा तुलनेतली खरी अडचण गणिताची आहे. गोळ्यांचा पुंजका जितक्या कमी गोळ्यांचा, तितका तो लहान दिसतो. रायफल तीच, काडतूस तेच असले तरी तीन गोळ्यांचा पुंजका पाचांच्या पुंजक्यापेक्षा सरासरीने सुमारे पाचव्या हिश्श्याने लहान भरतो आणि दहांचा पाचांपेक्षा सुमारे पाव हिश्श्याने मोठा. एकाच दुपारी, काहीही न बदलता, पाच गोळ्यांचा एक पुंजका दुसऱ्याच्या दुप्पटही येऊ शकतो. म्हणजे दोन काडतुसांतला बारीक फरक खात्रीने सांगायचा तर शेकडो गोळ्या झाडायला हव्यात. पण ही तिखट काडतुसे रायफलीची नळी फार लवकर खातात. ६.५-२८४ सारख्या काडतुसाने हजार-बाराशे गोळ्यांनंतर नळीची ऐन अचूकता ओसरू लागते, शांत स्वभावाचे.३०८ त्याच्या तिप्पट किंवा अधिकही पुरते. तेव्हा निःशंक होईपर्यंत तुलना करावी तर जिची तुलना करायची ती नळीच हातची जाते. मग माणूस काय करतो? पाच गोळ्या झाडतो, मनाजोगता कागद जपून ठेवतो आणि उरलेले कचऱ्यात टाकतो. त्यात लबाडी असतेच असे नाही; पुष्कळदा नुसती आशा असते.

लांब पल्ल्यावर साधनांचा फरक खरोखरीच पडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. ताशी दहा मैलांचा आडवा वारा हजार यार्डांवर .३०८ची गोळी सुमारे आठ फूट ढकलतो, तर ६.५-२८४ची लांबट गोळी पाच-साडेपाच फूटच ढकलली जाते. आणि दहा गुणांचे वर्तुळ असते अवघे दहा इंचांचे. म्हणूनच जॉर्ज फार्कर्सन या कॅनेडियन नेमबाजाच्या नावाने चालणाऱ्या 'एफ-क्लास' स्पर्धेत दोन पंक्ती मांडतात. एकीत फक्त .३०८ आणि .२२३ ही दोनच काडतुसे चालतात. दुसरीत आठ मि.मी.पर्यंतचे कोणतेही, रानमांजरसुद्धा. पहिल्या पंक्तीत माणसाची परीक्षा आणि दुसरीत साधनाची, असे आम्हांला प्रथम वाटले. ते बरोबर नव्हते. दोन्ही पंक्तींत नियम एकच आहे : नोंदीच्या फेरीतली प्रत्येक गोळी मोजली जाते, ती कोणाच्या चुकीने गेली हे कोणी विचारीत नाही.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे पन्नास मीटर प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळविले, तेव्हा त्यांचे गुण ६००पैकी ५९७ होते. साठ गोळ्या, आणि गेलेले तीन गुण. त्या तिन्हींची नोंद जगापुढे आहे. या प्रकारातले .२२चे काडतूस घरी पुन्हा भरण्याजोगे नसते. नेमबाज फार तर कारखान्याचे निरनिराळे घाणे झाडून पाहतो आणि आपल्या नळीला मानवेल तो निवडतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक जिंकले, तेही याच मापाच्या काडतुसावर. चाचणीत हवे तेवढे निवडावे. नोंद सुरू झाली की निवड संपली.

भाच्याला आम्ही त्या दिवशी यापुढे काही बोललो नाही, कारण बोलण्याचा अधिकार आमच्याकडे नव्हता. नव्वदच्या दशकातल्या एका कोरड्या उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची फेरी ठरविण्याची एक नवी पद्धत आम्ही स्वतः आखली होती. अर्जाची वाट न पाहता वस्तीवार ठरलेला दिवस, अशी तिची कल्पना. नऊ गावांत ती चालवून पाहिली. सात गावांत तक्रारी घटल्या. दोन गावांत टँकर बड्या घराच्या दारी रिकामा होई आणि गावाबाहेरच्या वस्तीतल्या बाया तीन-तीन दिवस रिकाम्या घागरींशी बसून राहत. अहवालात आम्ही ती दोन गावे तुलनेतून वगळली आणि खाली लिहिले की, तेथील अपयश हे पद्धतीचे नसून आमच्या देखरेखीतील उणिवेचे आहे. वरिष्ठांनी या प्रांजळपणाची तोंडभरून प्रशंसा केली. पुढच्या वर्षी ती पद्धत सबंध तालुक्याला लागू झाली, आणि त्या दोन गावांत जे घडले होते ते कितीतरी गावांत घडले. दोष आमच्या देखरेखीत नव्हताच. ठरलेला दिवस बड्या घरालाही ठाऊक असतो, एवढी साधी गोष्ट त्या पद्धतीत आम्ही धरली नव्हती, आणि ती दोन गावे नेमके तेच सांगत होती.

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. त्याने दोन्ही काडतुसांच्या वीस-वीस गोळ्या झाडल्या होत्या आणि एकही वगळली नव्हती. दोन्ही पुंजके जवळजवळ सारखेच, आणि दोन्ही त्या जपून ठेवलेल्या कागदापेक्षा बरेच मोठे. रानमांजर सोडणार का, असे आम्ही विचारले. "नाही मामा," तो म्हणाला, "पण तो कागद मात्र भिंतीवरून काढला."

आमच्या त्या अहवालाची प्रत आज आमच्याजवळ नाही. वाखाणलेल्या सात गावांपैकी प्रयत्न केला तर चारांची नावे आठवतात. वगळलेल्या दोघांची मात्र न आठवताच ओठांवर येतात.