गाडीचा टंच

हुपरीत जन्मलेल्या माणसाला एक गोष्ट शाळेत शिकवावी लागत नाही. हातात चांदीचा डाग आला की आधी त्याचा टंच विचारायचा. टंच म्हणजे शंभर भागांत खरी चांदी किती. बाकीचं तांबं नि जस्त. विचारणाऱ्याला त्यात संकोच नाही, सांगणाऱ्याला अपमान नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईंच्या पैंजणांकडे बघून आमची माणसं मनातल्या मनात आकडा लावत असतात, आणि त्या बाईंचा उगाच भलता गैरसमज होतो. अशा गावात साठाच्या वर वर्षं काढलेल्या माझ्यावर 2025 च्या मे महिन्यात आमच्या फियाटचा टंच सांगायची पाळी आली, आणि मला आकडा सांगता येईना.

फियाट आमच्या आण्णांची, म्हणजे वडिलांची. त्यांनी गाडीसाठी नंबर लावला तेव्हा मी तिसरीत होतो आणि गाडी दारात आली तेव्हा मला मिसरूड फुटलं होतं. त्या काळी गाडी विकत घेत नसत, तिची वाट बघत. 1975 च्या दिवाळीत ती आली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, 1089 सीसीची, गिअरची दांडी स्टिअरिंगला असलेली. कागदावर तिचं नाव प्रीमियर पद्मिनी. पण चितोडची राणी हुपरीला झेपली नाही. गाव तिला फियाटच म्हणायचं.

मागच्या सीटखाली पैंजणांच्या पिशव्या घालून आण्णा बेळगाव, हुबळी, सोलापूर करत. पुढची सीट अखंड, बाकासारखी. तिच्यावर आण्णा, आई आणि मधे मी, अशी आमची बैठक. उन्हाळ्यात ही राणी घाटात रुसायची. पेट्रोलच्या पंपात तापून वाफ धरायची आणि गाडी चढावर उभी राहायची. त्यावर इलाज एकच, ओलं फडकं. आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा भिजवून आण्णा पंपावर ठेवत, विडीभर वेळ थांबत, आणि गाडी सुरू होई. आई घरून निघतानाच फडकं भिजवून पितळी डब्यात घालून द्यायची. दुसऱ्या डब्यात दशम्या. डबे बदलले की पंचाईत व्हायची.

त्या इंजिनाला एक खास आवाज होता. टॅपेट जरा सैल असल्यासारखी बारीक टकटक आणि खाली खर्जात घरघर. गाडी वेशीत आली की आईला तो आवाज कळायचा आणि तव्यावर भाकरी पडायची. आण्णा हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत ती फुगलेली असायची. आम्हा पोरांनाही तेवढ्या अवकाशात पुस्तकं उघडून बसता यायचं. एकंदर घराला शिस्त होती ती त्या सैल टॅपेटमुळे.

आण्णा 2003 साली गेले. गाडी गोठ्यात म्हशीशेजारी उभी राहिली. मी बँकेतला माणूस. मला गाडीतलं कळतं ते हप्त्यापुरतं. वर्षातून एकदा दसऱ्याला तिला हार घालायचा आणि म्हशीनं तो खाऊ नये म्हणून उभं राहायचं, एवढीच माझी मोटारविद्या. शेवटी माझ्या पुतण्यानं, ज्यानं मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय, मनावर घेतलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीनं इंजिन उघडलं, आत डोकावून बघितलं आणि डॉक्टर जसे नातेवाइकांना बाहेर बोलावून घेतात तसं मला बाजूला घेतलं.

"काका, ह्येचा बोअर तीनदा झालाय. आता चौथ्यांदा केला तर सिलिंडर न्हाई, निस्तं भोक ऱ्हाईल."

शिवाय त्यानं एक नवं दुखणं सांगितलं. आता पंपावरच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा असलं सगळं खाऊन टाकतं. हे इथेनॉल उसापासून होतं. म्हणजे आमच्याच जिल्ह्यानं ऊस लावायचा, आमच्याच कारखान्यांनी तो गाळायचा, आणि त्यानं आमच्याच आण्णांच्या गाडीचं आतडं खायचं. याला कोण काय करणार?

तर मोडीत निघालेल्या एका मारुती जिप्सीचं इंजिन मिळालं, 1298 सीसीचं. जुन्याची ताकद चाळीसेक घोड्यांची, याची ऐंशी. आता घोडे दुप्पट झाले म्हटल्यावर लगामही तसा हवा, म्हणून पुढचे ड्रम ब्रेक काढून डिस्क आले. मग रेडिएटर बदलला. मग लांबचा शाफ्ट लेथवर कापून जोडला. दाढ काढायला गेलेल्या माणसाची कवळी होऊन परत यावी तसं झालं. गिअर खाली जमिनीतून वर आला, त्यामुळे पुढच्या बाकावरची मधली जागा, म्हणजे माझी, गेली. स्टिअरिंगची जुनी दांडी मात्र पुतण्यानं शोभेला ठेवली. ती आता निवृत्त माणसासारखी जागच्या जागी हलते, तिच्यानं होत काही नाही. तिच्याविषयी मला आपुलकी वाटते. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाखाली परवानगी, आरसी बुकात नवा इंजिन नंबर वगैरे सोपस्कार पोरानं रीतसर पार पाडले. सरकारदरबारी गाडी तीच आणि इंजिन दुसरं अशी नोंद झाली. सरकारला एवढ्यात समाधान असतं.

समाधान नव्हतं ते जुन्या गाड्यांच्या शौकिनांना. कोल्हापूर-सांगलीकडचे असे तीन गृहस्थ 'पंचाहत्तरची पद्मिनी, एका हातची' एवढं ऐकून एका रविवारी सकाळी आले. आल्या आल्या एकानं खिशातून पांढरा रुमाल काढून दाराची कडी पुसली आणि मगच तिला हात लावला. मला स्वतःच्या घरात मिळत नाही तेवढा मान ती कडी घेत होती. पत्र्याचं कौतुक झालं, काचांचं झालं, चोकच्या बटणाशी तर एकाचे डोळे भरून आले. मग थोरल्यांनी, डोक्यावर चपटी टोपी असलेल्या, बॉनेट उघडलं.

अंत्यदर्शनाला गेलेली माणसं गप्प होतात तसे तिघं गप्प झाले. टोपीवाल्यांनी टोपी काढली. बॉनेट त्यांनी इतक्या हळू लावलं की आत कुणी झोपलंय असं वाटावं.

"काय केलंत हो हे!" ते म्हणाले. "दिवाळीला पन्नास पुरी होणार होती!"

मला आधी वाटलं, ते माझ्या मेहुणीविषयी बोलताहेत. मग उलगडा झाला. 2021 साली केंद्र सरकारनं नियम केलाय की पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदता येते. तिच्या नंबरपाटीवर 'व्हीए' अशी अक्षरं येतात. अट अशी की चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे लग्न सहा महिन्यांवर आलेलं असताना आम्ही मुलीचं मुंडण केलं होतं.

"कोल्हापूरचे महाराज दसऱ्याला मेबॅकमधून येतात," रुमालवाले म्हणाले. "उद्या त्या मेबॅकमध्ये कुणी जिप्सीचं इंजिन घातलं तर तुम्हाला चालेल?"

चाललं नसतं, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. दसरा चौकातल्या त्या गर्दीत मीही टाचा उंचावून उभा राहिलेलो आहे. पण घरी आलेल्यापुढे हार कशी मानायची, म्हणून मी गणपतीला मधे घातलं. म्हटलं, "ज्या देवाला आपण सगळ्यांच्या आधी पुजतो त्याचं हेड बदललेलं आहे. आजवर कुणी म्हटलं का, की हा मूळचा गणपती नव्हे?"

"तो देव आहे," टोपीवाले म्हणाले. याला उत्तर नसतं.

मी वेताळ काढला. वेताळ पंचविशीत ती बाई गडबडीत नवऱ्याचं डोकं भावाच्या धडावर आणि भावाचं नवऱ्याच्या धडावर लावते, आणि वेताळ विचारतो, आता यातला नवरा कोणता? विक्रम सांगतो, ज्याला नवऱ्याचं डोकं तो नवरा, कारण अवयवांत मस्तक श्रेष्ठ. आता गाडीचं मस्तक कुठलं? तुम्ही म्हणता इंजिन. मी म्हणतो, रस्त्यानं जाताना 'ती बघा फियाट' असं माणसं पत्रा बघून म्हणतात, की बॉनेट उघडून?

वाद रंगला. साहेबलोकांतही तो सुटलेला नाही, हे मला त्या दिवशी कळलं. 2018 साली इंग्लंडच्या राजपुत्रानं, हॅरीनं, लग्नानंतर नवरीला जुन्या ई-टाइप जग्वारमधून नेलं. तिच्यात इंजिनाच्या जागी विजेची मोटर बसवलेली होती. जगभरच्या जुन्या गाडीवाल्यांची 'फिवा' नावाची एक संघटना आहे, 1966 सालची. तिनं पुढच्याच वर्षी जाहीर केलं की अशी विजेवर नेलेली गाडी आम्ही ऐतिहासिक मानणार नाही. वरातीतली गाडी जातीबाहेर टाकल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

एवढ्यात आई चहा घेऊन आली. तिला सत्त्याऐंशी पुरी आहेत. टोपीवाल्यांनी तिच्याकडे दाद मागितली. "आज्जी, तुमच्या गाडीत आता ओरिजिनल काही राहिलं नाही बघा."

आईनं कप खाली ठेवले. "माझ्यातबी न्हाई," ती म्हणाली. "दोन्ही डोळ्यांत भिंगं घातल्यात, उजवा गुडघा मिरजेला बदलला, आणि हे," तिनं कवळी दाखवली, "गेल्या गणपतीत नवीन केलं. चहा घ्या, गार होतोय."

मग तिनं आपल्या पायातल्या जोडव्यांकडे बोट दाखवून सासूबाईंच्या तोड्यांची गोष्ट सांगितली. माझ्या आजीचे तोडे होते, भरीव. आजी गेल्यावर आण्णांनी ते मुशीत घालून आटवले आणि त्यांतून आईची पैंजणं आणि ही जोडवी केली. पुढं पैंजणं मोडून माझ्या बायकोचे वाळे झाले. पण घरात आजही म्हणताना 'सासूबाईंचे तोडे' असंच म्हणतात. घाट तीनदा गेला, चांदी तीच.

तिघंही माना डोलवत होते. मी मात्र मधेच अडकलो. कारण फियाटचं बरोबर उलटं झालं होतं. घाट तोच राहिला होता आणि चांदी गेली होती. आईनं माझी बाजू घेतली की त्यांची?

ग्रीस देशात म्हणे एका वीराचं गलबत जपून ठेवलं होतं. कुजलेली फळी काढून नवी बसवत गेले आणि पंडित भांडत बसले की हे तेच का? आपल्याकडे मिलिंद राजा रथातून नागसेन भिक्षूकडे आला. हा राजाही मूळचा ग्रीकच, तेव्हा त्याला असल्या वादाची सवय असणार. भिक्षूनं विचारलं, महाराज, आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? जू? दांडा? राजा सगळ्याला नाही म्हणाला. मग रथ कुठाय, असं भिक्षूनं विचारल्यावर राजा घोटाळला. त्याला निदान रथ परत घेऊन जायचा होता. मला हा प्रश्न सुटल्याशिवाय झोप येईना, कारण एक गोष्ट मी त्या तिघांना सांगितली नव्हती.

उद्यमनगरातून गाडी पहिल्यांदा घरी आली तो दिवस. पुतण्या चालवत होता, मी शेजारी. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी आली. वेशीतून आत, मारुतीच्या देवळावरून, दारात. आई बाहेर आली नाही. आम्ही दारं लावली तेव्हा आतून आवाज आला, "कोण आलंय?" तवा गारच होता. मी म्हटलं, "आपलीच फियाट." ती दारात येऊन बघत राहिली, मग म्हणाली, "आवाज न्हाई केला तिनं," आणि आत गेली.

आण्णांचा स्वतःचा आवाज मला आता नीट आठवत नाही. बावीस वर्षं झाली. त्यांची टेप नाही, काही नाही. पण डोळे मिटले की ती टकटक आठवायची आणि तिच्या मागोमाग 'अगं, पाणी' अशी हाक. खर्च वाचेल, गाडी रस्त्यावर येईल, पोराची हौस होईल, हे सगळं मी मोजलं होतं. बँकेतला माणूस आहे. ही रक्कम खतावणीत धरायची राहून गेली. टोपीवाले इंजिनासाठी हळहळत होते, मिस्त्री पत्र्यासाठी झटला होता, आणि आमच्या घरचं जे होतं ते दोघांच्याही यादीत नव्हतं.

जाताना त्या तिघांतला धाकटा, जो सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता, मागं रेंगाळला. म्हणाला, "जुनं इंजिन कुठाय? मला द्या. बॉडी मी शोधतो." जुनं इंजिन आमच्या जिन्याखाली पोत्यात आहे. बायको त्याच्यावर लसणाची टोपली ठेवते. त्याच्या बॉडीत आमचं इंजिन बसलं, तर तो गावातून जाताना आई भाकरी टाकेल की काय, असं मनात आलं आणि मी "कळवतो" म्हटलं. त्याचा दर महिन्याला फोन येतो. मी दर महिन्याला "कळवतो" म्हणतो.

त्याच आठवड्यात जोतिबाला जायचं ठरलं. मे महिना, रणरणतं ऊन, डोंगराची चढण. पुतण्यानं गाडी काढली. आई पुढं बसली, दशम्यांचा डबा मांडीवर. मग तिनं माझ्या हातात दुसरा डबा दिला, पितळी. उघडला तर आत भिजवलेलं फडकं. पुतण्या हसला. "आज्जी, आता ह्येला लागत न्हाई. पंप मागं टाकीत हाय."

"असू दे," आई म्हणाली. "घाट हाय."

मी खाली उतरलो, बॉनेट उघडलं. आत सगळ्या वायरी आणि काळं प्लॅस्टिक. पाण्याचा थेंब पडला तर काय बिघडेल सांगता येत नाही. पुतण्या काचेतून हातवारे करून नको नको म्हणत होता. शेवटी बॅटरीपासून लांब, कडेच्या पत्र्यावर थोडी रिकामी जागा सापडली. तिथं मी ते फडकं नीट घडी करून ठेवलं, बॉनेट लावलं आणि आईला म्हटलं, "ठेवलं."