दयेची पात्रता

बडोद्याच्या जुन्या वस्तीत, दांडिया बाजाराजवळच्या एका गल्लीत, पाडलेल्या एका वाड्याचे जोते अद्याप शिल्लक आहे. दिवेलागणीनंतर तेथे सहा मांजरे येऊन बसतात. आमच्यापैकी कोणीतरी डबा घेऊन येतो, त्याची ती वाट पाहत असतात. आम्ही पाच जण आहोत आणि आठवड्याचे वार आम्ही आपसांत वाटून घेतले आहेत. या उपक्रमाला संस्था म्हणावे इतका त्याचा व्याप नाही, आणि सेवा म्हणण्याचा आम्हांला संकोच वाटतो. तथापि, गेल्या काही वर्षांत या मांजरांनी आमच्यापुढे जे प्रश्न उभे केले, ते केवळ मांजरांपुरते नाहीत असे वाटल्यावरून येथे मांडीत आहोत.

वाडा पडला तेव्हा त्यातली बिऱ्हाडे नदीपलीकडे अकोटा-अलकापुरीच्या बाजूला फ्लॅटमध्ये राहावयास गेली. आमच्यापैकी तिघे त्यांतलेच. देव नेले, तुळस नेली, पितळेची भांडी नेली. मांजरे मात्र राहिली. कुत्रे माणसाचे आणि मांजर घराचे, अशी आपल्याकडची जुनी समजूत आहे. तिचा आधार घेऊन आपण त्यांना मागे ठेवले यात काही गैर झाले, असे तेव्हा कोणालाच वाटले नाही. पुढे कामानिमित्त त्या गल्लीत गेलो असता विटांच्या ढिगावर बसलेल्या दोन भाट्या ओळखीच्या निघाल्या. घराची म्हणून ज्यांना मागे ठेवले, त्यांचे घर आपणच पाडावयास दिले होते, हे त्या दिवशी ध्यानात आले. आमच्या डब्याची सुरुवात दयेतून झाली असे म्हणणे म्हणूनच अर्धसत्य होईल. तिच्यात पुष्कळसा अपराधभाव होता.

पहिला आक्षेप समोरच्या घरातून आला. तेथे राहणाऱ्या वृद्ध गुजराती बाईंना सारी गल्ली ‘बा’ म्हणते, आम्हीही म्हणतो. बा रोज सकाळी पारव्यांना ज्वारी घालतात. गुजरात ही जीवदयेची भूमी आहे. पोळीच्या तोंडाशी पाखरांसाठी चबुतरा असावा, म्हाताऱ्या-लुळ्या जनावरांसाठी गावोगाव पांजरापोळ असावी, ही येथली परंपरा कोणाही परक्याने मान लववावी अशीच आहे. त्या परंपरेत वाढलेल्या बांनी आम्हांला सरळ विचारले, “भाई, ज्या मांजराला तुम्ही पोसता, ते माझी पारवी मारते. मग तुमची ही दया कसली?”

या प्रश्नाला आमच्यापाशी त्या वेळी उत्तर नव्हते. गाय निरुपद्रवी आहे, पारवा दाणे खातो, म्हणून ते दयेस पात्र. मांजर हिंस्र आहे, म्हणून अपात्र, असा हा विचार आहे. वरवर तो सयुक्तिक दिसतो. गीतेनेही सात्त्विक दानाला देश, काल आणि पात्र यांचा विवेक सांगितलेला आहे. परंतु दान आणि दया यांत भेद केला पाहिजे. दान हे द्रव्याचे असते. ते मर्यादित आहे, त्याचा दुरुपयोग होऊ शकतो, म्हणून घेणाऱ्याची परीक्षा तेथे रास्त ठरते. दयेचा विषय दुःख हा आहे, आणि भुकेची कळ शाकाहारी व मांसाहारी अशी दोन प्रकारची नसते. 1976 साली आपल्या राज्यघटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली. त्यांत जीवमात्राविषयी दयाभाव बाळगण्याचे जे कर्तव्य सांगितले आहे, तेही कोणत्या जीवाचा आहार काय, हे विचारीत नाही.

शिवाय मांजराचे मांस खाणे ही त्याची निवड नव्हे. टॉरिन नावाचे एक द्रव्य मांजराचे शरीर पुरेसे तयार करू शकत नाही. ते मांस-मासळीतूनच मिळते, आणि दीर्घकाळ न मिळाल्यास दृष्टी जाते, हृदय दुबळे होते. ज्याला दुसरा मार्गच नाही, त्याच्या कृत्याला आपण मारणे म्हणू शकू. पाप म्हणू शकणार नाही.

मात्र येथे आमचाच पाय अडकला. आमच्यापैकी चौघांच्या घरी मांसमच्छी वर्ज्य. प्रारंभी आम्ही दूधपोळी नेत असू. मांजराला दूध म्हणजे अमृत, हेच लहानपणापासून पाहिलेले. प्रत्यक्षात बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, आणि आमच्या अमृताने त्यांची पोटे बिघडली. मग मासळी आणणे आले. गॅलरीत वेगळी शेगडी आली, वेगळे पातेले आले. घरात शब्दाला शब्द लागला, आणि त्याहून अवघड असा एक प्रश्न आमच्यातच उभा राहिला. आमच्या दयेचे मोल कोण देतो? आम्ही पैसे देतो, मासा प्राण देतो. पुढे बाजारात मिळणारे तयार खाद्य आणू लागलो. त्यात मासा दिसत नाही, एवढेच. हा पेच आम्हांला सुटलेला नाही, आणि सुटला आहे असा आव आणणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पण आमची खरी चूक निराळीच होती. पहिले वर्ष-दीड वर्ष आम्ही केवळ खाऊ घातले. भाटीचा गर्भकाळ जेमतेम दोन महिन्यांचा. पिल्ले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. चांगले खाणे मिळू लागल्यावर पिल्ले जगू लागली, जोत्यावर गर्दी झाली, आणि आम्ही ती आपल्या यशाची खूण मानली. दुसऱ्या पावसाळ्यात मांजरांचा साथीचा रोग आला. आठ दिवसांत अकरा पिल्ले गेली. डॉक्टरांनी औषध दिले, आम्ही रात्री जागलो. उपयोग झाला नाही. शेवटचे पिल्लू पुरून परतताना आमच्यातला एक जण म्हणाला, “ही आपण जन्माला घातलेली होती.” त्याचे म्हणणे खोडून काढावे असे कोणालाच वाटले नाही.

त्यानंतर आम्ही नसबंदीकडे वळलो. भाटीला पिंजऱ्यात पकडावयाचे, शस्त्रक्रिया करवून आणावयाचे, जखम भरली की होती तेथेच सोडावयाचे. ओळखीसाठी डाव्या कानाचे टोक किंचित छाटलेले असते. यावर कोणी म्हणेल, आणि आमच्यातही एकाने म्हटले, की तिचे मातृत्व काढून घेण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? दक्षिणेतील वैष्णव आचार्यांच्या परंपरेत मर्कटकिशोरन्याय आणि मार्जारकिशोरन्याय असे दोन दृष्टान्त आहेत. माकडाचे पिल्लू आईला स्वतः बिलगते. मांजरीचे पिल्लू मात्र काही करीत नाही; तीच त्याला मानगुटीस धरून सुरक्षित स्थळी नेते. ईश्वरकृपा अशी निरपेक्ष असते, हा त्याचा भावार्थ. पिंजऱ्यात धडका देणारी भाटी पाहिली तेव्हा या दृष्टान्ताची दुसरी बाजू आम्हांला दिसली. ज्याला उचलले जाते, त्याला तो जबडा तारणारा की मारणारा हे कसे कळावे? आणि उचलणारा ईश्वर नसून माणूस असेल, तर त्याने आपल्या निर्णयाविषयी कायम अस्वस्थ राहिले पाहिजे. आम्ही तो अधिकार सिद्ध करू शकत नाही. अकरा पिल्ले डोळ्यांपुढे ठेवून तो वापरतो, इतकेच.

बांशी मतभेद आजही आहेत. त्यांची पारवी झोपल्यावरच डबा न्यावयाचा आणि पाखरांचे दाणे उंच कट्ट्यावर घालावयाचे, एवढी तडजोड मात्र झाली. पोट भरलेले मांजर शिकार सोडून देते, असा दावा आम्ही करीत नाही. मांजरे कमी झाली, तसा पारव्यांचा धोकाही कमी झाला, इतकेच म्हणता येईल.

2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला. पूल बंद झाले, आमचे रस्ते पाण्याखाली गेले, आणि तीन दिवस आमच्यापैकी कोणीही जोत्यापर्यंत पोहोचू शकला नाही. रोज ठरल्या वेळी येऊन आम्ही त्या जीवांना वाट पाहावयास शिकविले होते, हे त्या तीन रात्री फार जाणवले. चौथ्या दिवशी चिखल तुडवीत गेलो. तेव्हा मांजरे सात होती. सातवे पुन्हा दिसले नाही. उरलेली सहा बांच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर गोणपाटावर बसली होती. पुढे वाडग्यात खिचडी आणि दूध होते. बा म्हणाल्या, “फार ओरडत होती.” त्यांनी आपले मत बदलले नव्हते, पारव्यांविषयीची तक्रार त्यांनी त्याही दिवशी बोलून दाखविली.

एवढ्या वर्षांच्या अनुभवातून आमच्या हाती लागले ते इतकेच की, दयेने समोरच्या जीवाची पात्रता तपासू नये. तपासावयाची तर स्वतःची तपासावी. आपण जे आरंभिले ते उद्या, परवा, पुराच्या दिवशी निभावणार आहोत काय, आणि त्यातून जे निपजेल त्याचा जाब आपण देणार आहोत काय, हे तिने स्वतःस विचारावे. पहिल्या परीक्षेत बा त्या रात्री आमच्याशी काहीही न बोलता उतरल्या. दुसरीत आम्ही एकदा नापास झालो आहोत, आणि ती दररोज संध्याकाळी पुन्हा द्यावी लागते.

दुधाने मांजरांचे पोट बिघडते, हे त्या दिवशी आम्ही बांना सांगितले नाही. वाडगे धुऊन त्यांच्या दाराशी ठेवले आणि आमचा डबा उघडला.